भ्यालेल्या जागेची वाळू

एप्रिल लागला की रस्त्याच्या कडेला टरबुजांचे ढीग लागतात आणि मी रस्त्याची दुसरी कड धरते. नवरा थट्टा करतो. म्हणतो, पालीला भिणाऱ्या बायका पाहिल्या, झुरळाला भिणाऱ्या पाहिल्या, फळाला भिणारी ही पहिलीच. मीही हसण्यावारी नेते. टरबूज विकत घेते, घरी आणते, पंख्याखाली गार फरशीवर ठेवते, आणि कापायची वेळ आली की लेकीला म्हणते, जा, बाबांना कापायला सांग.

यंदा त्यात भर म्हणून लेकीला तो सिनेमा सापडला. जपानहून आलेल्या त्या राक्षसांच्या कार्टूनांची परंपरा मोठी आहे. मी चौथीत होते तेव्हा ती चालू होती आणि आता माझी लेक चौथीत आहे तरी चालूच आहे. प्रत्येक पोराकडे आपापला पाळीव राक्षस, मग त्यांची भांडणं, मग एक मोठा राक्षस, मग रडारड आणि शेवटी सगळ्यांची मैत्री. दरवर्षी नवा सिनेमा निघतो. माझ्या लेकीला सगळ्या राक्षसांची नावं तोंडपाठ आहेत, सतराचा पाढा मात्र येत नाही. परीक्षा संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती ओरडली, "आई, तुझ्या वेळचा मिळाला! ये ना बघायला!" मी दारातूनच पाहिलं. कोरडी पडलेली नदी, वाळू, आणि वाळूतून हळूहळू वर येणारी ती लांब पिवळी मान. मी स्वयंपाकघरात गेले आणि घासून ठेवलेली कढई पुन्हा घासायला घेतली.

आमचं गाव गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या काठावर. पावसाळ्यात नदी आमची नसायची. तेव्हा लांबून हात जोडायचे आणि पोरांना काठावर जाऊ द्यायचं नाही. पाणी उतरलं की मात्र ती गावाची व्हायची. पौषात उस्मानचाचा आणि आणखी चार-दोन घरं पात्रात वाड्या, म्हणजे टरबुजांचे मळे, लावायची. वाळूत हातभर खड्डा करायचा, शेणखत भरायचं, बी टोचायचं. वर ऊन आणि खाली ओल, एवढ्यावर वेल वाळूभर पसरत. चैत्रापर्यंत पात्रात जिकडेतिकडे टरबुजं लोळत पडलेली असायची. ऐन उन्हाळ्यात सगळं गाव भाजून निघत असताना नदीच्या पोटात तेवढी हिरवळ असायची.

प्यायचं पाणीही तिथलंच. वाळू हातानं उकरली की पाणी लागतं, त्याला झिरा म्हणतात. झिऱ्यातलं पाणी वाटीनं घागरीत भरायचं. तळाचा खडा न् खडा दिसायचा. धार पात्राच्या पलीकडच्या अंगाला सरकलेली असे, तीही उतारावर, म्हणजे नदी ओलांडायच्या जागी, गुडघाभर. त्या उतारावरून बायका रोज सकाळी पलीकडच्या वाडीत जायच्या. माय सगळ्यांत पुढं. लुगड्याचा ओचा खोचायचा, पाटी डोक्यावर घ्यायची आणि बोलत बोलत पाण्यात शिरायचं. खाली बघायचीही नाही ती. पायाला वाट माहीत होती.

माझी माय मूळची चकलांब्याची, कोरड्या रानातली. नदी तिला सासरी मिळाली. पोहायला येत नव्हतं, पण त्याचं तिला काही वाटायचं नाही. "गुडघाभर पाण्यात पव्हायचं कशाला?" म्हणायची. आणि बोलायची केवढी! नदीशी बोलायची, शेळीशी बोलायची, चुलीला शिव्या घालायची. आण्णा, म्हणजे माझे वडील, उस्मानचाचाची टरबुजं टेम्पोत भरून गेवराईच्या बाजारात न्यायचे. ते म्हणायचे, टेम्पोचा भोंगा बिघडला तर हिला शेजारी बसवून नेईन. मायचा आवाज आला की मला घर भरल्यासारखं वाटायचं. तो नसला की घरातली भांडीसुद्धा अनोळखी वाटायची.

त्या दोन-तीन वर्षांत गावात काय काय येत होतं. अप्पांच्या किराणा दुकानात दाराला शांपूच्या पुड्यांच्या माळा लटकल्या. गार पेयाच्या बाटल्या आल्या. चटपटीत पाकिटं आली आणि त्या पाकिटांत राक्षसांची चित्रं निघायला लागली. अप्पा गळ्यात लिंग बांधणारे, कपाळभर भस्म लावणारे गृहस्थ. दोन शिंगांचं एखादं चित्र हातात धरून ते शांतपणे विचारायचे, "हे कोणतं दैवत म्हणायचं?" मग गावात केबल आली आणि तीही आधी त्यांच्याच घरी. त्यांची गिरिजा माझ्या वर्गात होती, म्हणून मला त्यांच्या ओसरीत पहिल्या रांगेत जागा.

आणि गावात वाळूचे ट्रॅक्टर आले. आधी एक-दोन, मग ओळीनं. तिकडे औरंगाबादेत, पुण्यात बिल्डिंगा उभ्या राहत होत्या आणि त्यांना आमची नदी लागत होती. माणसं फावड्यानं ट्रॉल्या भरायची. आम्हा पोरांना त्याची मजा वाटे, ट्रॉलीमागून धावत जाऊन लोंबकळायला मिळे. आता मी ज्या घरात राहते त्याच्या भिंतींना कुठल्या नदीची वाळू लागली असेल, हे मला माहीत नाही. रंगाचा पोपडा निघतो, आतलं खरखरीत बोटाला लागतं आणि मी हात मागे घेते.

चौथीची परीक्षा संपल्यावर तिसऱ्या की चौथ्या दुपारी गिरिजाच्या घरी तो सिनेमा लागला. हिंदीत बोलणारे जपानी राक्षस. आम्हा आठ-दहा पोरांना निम्मं कळत होतं, निम्मं आम्ही आपल्या मनानं लावत होतो. एक नदी होती. तिच्या तळाशी कैक वर्षांपासून एक राक्षस निजलेला. लांब पिवळी मान, जबड्याला मोठाले दात आणि कपाळावर एकच डोळा, दिव्यासारखा जळणारा. तो उठला की मान खाली घालायचा आणि नदी प्यायचा. प्यायला की पुन्हा तळाशी जाऊन बसायचा, वरचं पाणी गुळगुळीत व्हायचं, आणि कोणी त्या पाण्यात पाय ठेवला की गडप. सिनेमातल्या पोराची आई पाण्याकडे चालली होती. पोरगा मागून हाका मारत होता. तिला ऐकूच येत नव्हतं. तिनं पाऊल उचललं.

आणि लाईट गेली.

तेव्हा भारनियमन म्हणजे नेमाचं काम होतं. गेली ती संध्याकाळपर्यंत यायची नाही. सगळी पोरं हळहळली, गिरिजाच्या आईनं दारं उघडली, उजेड आत आला. मी तशीच बसून राहिले. टीव्हीच्या काळ्या काचेत आमच्याच आकृत्या दिसत होत्या. गिरिजानं मला हलवलं. "आगं रत्ने, उठ की. खोटं असतंय ते." मी म्हटलं, "पर तिचं काय झालं?" ती म्हणाली, "कोणाचं?" तिच्या लक्षातही नव्हतं.

त्याच संध्याकाळी शेळी घरी आली नाही. मायनं मला काठावर बघायला पाठवलं. दिवस मावळला होता, पण उजेड होता अजून. काठावरच्या बाभळीखाली शेळी शेंगा खात उभी होती. मी तिचं दावं धरलं आणि सहज पात्राकडे पाहिलं. उताराच्या थोडं खालच्या अंगाला, धारेत, तो उभा होता.

लांब पिवळी मान. टोकाला दात. कपाळावर एकच जळता डोळा. त्यानं मान वाकवली, पाण्यात घातली आणि वर काढली. जबड्यातून पाणी गळत होतं. पुन्हा वाकवली. गुरगुरण्याचा आवाज येत होता, आणि तो आवाज काठाच्या मातीतून माझ्या तळपायांना लागत होता. मी शेळी तिथंच सोडून पळाले. घरी पोचले तेव्हा माझा परकर भिजलेला होता.

आज कोणीही सांगेल की ते वाळू उपसायचं यंत्र होतं. दिवसा लोक बघतात म्हणून दिवेलागणीला आणलेलं आणि उजाडायच्या आत काढून नेलेलं. पण मी तोवर तसलं यंत्र पाहिलेलं नव्हतं. गावात कोणीच पाहिलं नव्हतं. फावडी आणि ट्रॅक्टर, एवढंच आम्हाला माहीत. मी जे पाहिलं होतं तसं दिसणारं जगात एकच होतं आणि ते मी दुपारी अप्पांच्या ओसरीत पाहिलं होतं. नदीत खड्डा खांदतायत, असं म्हणायला मला सुचलंच नाही. तेवढं म्हणाले असते तर आण्णा सकाळी खोली मोजायला बांबू घेऊन गेले असते. मी म्हणाले, "नदीत राक्षस हाय."

आण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग चिडले. "टीव्ही बघून बघून डोस्कं फिरलंय पोरीचं. परत त्या अप्पाच्या घरी गेलीस तर तंगडी मोडीन." दुसऱ्या दिवशी ते नदीवर जाऊन आले. वाळूत चाकोऱ्या दिसल्या, पण चाकोऱ्या काय, रोजच्या ट्रॅक्टरांच्याही असतात. धार होती तशी होती. पाणी सपाट, वर ऊन चमकतंय. उस्मानचाचा रोज दिवेलागणीच्या आधीच घरी परतायचे, त्यांनीही काही पाहिलं नव्हतं. ते घरी आले, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, माझी वाडी हाय तिथं. राक्षस आला आसता तर पयलं टरबूज मलाच मागितलं नसतं का?" सगळे पुन्हा हसले. माणसं प्रेमळ होती. तेच जास्त वाईट होतं, कारण प्रेमळ माणसांवर चिडताही येत नाही.

मी मात्र नदीवर जाईना. झिऱ्याचं पाणी पिईना. ताप भरला, उतरला, पुन्हा भरला. सकाळी माय पाटी घेऊन निघाली की मी तिच्या लुगड्याला धरून लोंबायची. "जाऊ नको, माय. त्यो तिथंच बसलाय." ती माझी बोटं एकेक करून सोडवायची आणि जायची. मग ती परत येईपर्यंत मी उंबऱ्यावर. ती दिसली की माझ्या अंगातला जीव परत यायचा, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. चार-पाच दिवस असे गेले. रोजची वाट त्या जागेच्या वरच्या अंगाला होती म्हणून ती रोज परत येत होती, हे मला नंतर कळलं.

मायनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. गेवराईच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ताप गेला, भीती तशीच. मी ताटावर बसून घास हातात धरून ठेवायची. शेवटी एका संध्याकाळी माय माझ्यासमोर फतकल घालून बसली. हसली नाही, रागावली नाही. एवढ्या दिवसांत तिनं पहिल्यांदाच मला नीट विचारलं.

"कुठं दिसला त्यो तुला? बराबर जागा सांग."

मला इतकं बरं वाटलं! वाटलं, मायचा विश्वास बसला. तिचा पदर धरून मी काठापर्यंत गेले. बाभळीखाली उभी राहिले आणि बोट दाखवलं. "त्या तिथं. उताराच्या खालती. पाणी चकाकायलंय बघ, तिथं."

"नक्की?"

"नक्की."

माझ्या या बोटाचा विचार मी आयुष्यभर केला आहे.

मायच्या माहेरी एक रीत होती. लेकरू भ्यालं, दचकलं, झोपेत ओरडायला लागलं, तर ज्या जागी भ्यालं त्या जागेची मूठभर माती आणायची आणि त्याच्या कपाळाला लावायची. आईनंच आणायची. ऊन चढायच्या आत. जाताना-येताना मागं वळून बघायचं नाही, आणि माती कपाळाला लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. बोललं की माती फुकट जाते आणि भीती तिथंच राहते. कोरड्या रानातली रीत ती. तिकडे लेकरं विहिरीपाशी, वडाखाली, स्मशानाच्या वाटेवर भ्यायची, आई जायची आणि चिमटीभर माती घेऊन यायची. त्यात कोणाचं काही बिघडायचं नव्हतं. मायनं ती रीत तशीच्या तशी नदीत आणली.

सकाळी तिनं मला उठवलं, तोंड धुतलं, उंबऱ्यावर बसवलं. "हितून हलायचं न्हाई. मी त्या जागंची वाळू आणते. मी येताना मला हाक मारू नको, आन् मी बोलले न्हाई म्हणून रडू नको. समजलं?" आण्णा पहाटेच टेम्पो घेऊन गेले होते. मी मान हलवली. ती अंगण ओलांडेपर्यंत मला नीटसं उमगलंच नाही. मग उमगलं. रोज ती वाडीत जात होती. आज ती त्याच्याकडेच चालली होती, मी दाखवलेल्या जागी, आणि तिला हाक मारायची मला बंदी होती.

उंबऱ्यावर किती वेळ बसले होते सांगता येणार नाही. समोरच्या भिंतीवर ऊन उतरत होतं. रोज नदीकडून बायकांचा गलबला ऐकू यायचा आणि त्यात मायचा आवाज सगळ्यांत वर असायचा. आज तो नव्हता, कारण ती मुक्यानं गेली होती. ती आहे की नाही हे कशावरून कळायचं? कान ताणून ताणून दुखायला लागले. ऊन भिंतीच्या खुंटीपर्यंत आलं. खुंटीखाली आलं. एवढ्या वेळात ती दोनदा जाऊन आली असती.

मला उठायचं होतं आणि पाय उठत नव्हते. नदीवर तो होता. खोटं कशाला बोलू, मी आधी स्वतःसाठी भ्याले. मायचा विचार त्यानंतर आला. एवढंच झालं की हा विचार आल्यावर पहिली भीती छोटी झाली. हलायचं नाही असं तिनं सांगितलं होतं, तरी मी उठले आणि पळत सुटले. अनवाणी. वाळू तापायला लागली होती.

बाभळीपाशी पोचले तर धारेत कोणीच दिसेना. धार सपाट होती. मग दिसलं. मी दाखवलेल्या जागी, पाण्याच्या वर, मायचं डोकं होतं आणि डोक्याच्या वर एक मूठ. मूठ घट्ट मिटलेली. दुसऱ्या हातानं ती कडेची वाळू धरत होती. धरलेली वाळू तिच्याच अंगावर ढासळत होती आणि दर वेळी ती थोडी खाली जात होती. पाणी हनुवटीला आलं होतं. तिनं मला पाहिलं. डोळे एवढे मोठे झाले होते की मला तेच आठवतात अजून. आणि ओठ मिटलेले. दातांनी आतून आवळून धरल्यासारखे. गावभर ऐकू जाणारी माझी माय बुडत होती आणि ओरडत नव्हती.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, ओरडतच खाली पाण्याच्या कडेपर्यंत पळाले. पलीकडच्या वाडीत उस्मानचाचांनी खोपीचा बांबू उपसला आणि उतारावरून धावत अलीकडे आले. ते सरळ पाण्यात शिरले नाहीत, म्हणून दोघं वाचले. कडेला आडवे झाले, पोटावर सरकत पुढं आले, बांबू तिच्यापुढं टाकला. "धरा भाभी! दोनी हातांनी धरा!" तिनं एका हातानं धरला. तो हात निसटला. "मूठ सोडा की! मूठ सोडा!" तिनं मान हलवली. नाही. पाणी तिच्या नाकात गेलं, ती पाण्याखाली गेली. वर आली. ओठ मिटलेलेच. चाचा रडकुंडीला आले होते. "आवो बोला तरी! काय झालंय तुमास्नी?" त्यांना वाटलं असणार, हिला खरंच कशानं तरी धरलंय. मलाही तेच वाटलं.

शेवटी चाचांनी तिचं मनगट पकडलं, मुठीचंच, आणि मागं मागं सरकत ओढलं. कडा दोनदा ढासळली. तिसऱ्यांदा ती छातीपर्यंत वाळूवर आली. खोकत होती, नाकातोंडातून पाणी जात होतं, आणि त्या सगळ्यात एक शब्द नाही. गुडघ्यांवर रांगत ती माझ्यापर्यंत आली. मूठ उघडली. बोटं आखडली होती, दुसऱ्या हातानं एकेक सरळ करावी लागली. आत वाळू होती, चिखल झालेली. तिनं ती माझ्या कपाळाला लावली, वरून खाली, दोनदा. मग म्हणाली, "चल घरी. सैपाक व्हायचाय अजून."

दुपारी गाव गोळा झालं. चाचांचा तोच बांबू खड्ड्यात सोडला, तर अख्खा आत गेला आणि तळ लागला नाही. आण्णा वाळूवर मटकन खाली बसले. मग तिथं बाभळीची फांदी रोवली. तालुक्याला अर्ज गेला, साहेब येऊन बघून गेले. पुढच्या उन्हाळ्यात तसले खड्डे चार झाले, त्याच्या पुढच्या वर्षी मोजायचं सोडून दिलं. वाड्या उठल्या. चाचांनी गेवराईत फळांचा गाडा लावला. आता पात्रात झिरा कुठला आणि खड्डा कुठला, हे तिथं जन्मलेल्या माणसालाही सांगता येत नाही.

मायनं नदी सोडली. उतारावर ती पुन्हा गेली नाही. बोलायची पूर्वीसारखीच, पण न्हाणीघरात बादलीतलं पाणी पायाला लागलं की एकदम गप्प व्हायची. तेवढाच एक क्षण. मला तो दर वेळी कळायचा.

परवा लेक शाळेच्या शिबिराला गेलेली असताना मी तो सिनेमा एकटीनं लावला. दार लावून घेतलं, आवाज बारीक केला, आणि लाईट गेली होती तिथून पुढं पाहिला. काय होतं माहीत आहे? ती आई पाण्यात पाय ठेवते, राक्षस वर येतो, आणि त्याला उचकी लागते. त्याला नुसती तहान लागलेली असते. पोरं त्याला हसवतात, तो सगळं पाणी परत ओततो, आणि आई लेकाला मिठी मारते. पाच-सात मिनिटांचा मामला. मी सोफ्यावर बसून हसले, मग रडले, मग राग आला. कोणाचा ते ठरवता येईना. त्या दुपारी लाईट आणखी सात मिनिटं टिकली असती तर मी संध्याकाळी नदीवर यंत्र पाहून उचकीची वाट पाहत उभी राहिले असते.

माय आता सत्तरीला आली. मागच्या आठवड्यात आमच्याकडे आली होती. नवऱ्यानं टरबूज कापलं, तिनं आवडीनं खाल्लं, बिया ताटाच्या कडेला ओळीनं लावल्या. सगळे उठून गेल्यावर मी तिला विचारलं. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. भीती वाटायची.

"माय, तू वरडली कावून न्हाईस तवा? चाचा समोर होते. एक हाक मारली असती तर लवकर आले असते."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अडाण्यासारखं बोलले. "वरडले असते तर वाळू वाया गेली असती की."

"आन् बुडाली असतीस तर?"

"बुडाले न्हाई ना." मग तिनं फडक्यानं हात पुसले. "लई भ्यालतीस तू. जेवायलीच नव्हतीस. मला वाटलं, हिचं भेव नेलं न्हाई तर पोरगी हातची जाईल. पाण्यात एवढंच डोक्यात होतं, तोंड उघडायचं न्हाई." तिनं बिया गोळा केल्या आणि एकदम विचारलं, "गेलं ना पर? पुन्हा कधी भ्यायली न्हाईस ना?"

मला रात्री अजून जाग येते. लेक हाकेला ओ देत नाही तेव्हा मी जिना तीनदा उतरते. फोनवर बोलताबोलता माय गप्प झाली, नुसती घोटभर पाणी प्यायला थांबली, तरी मी हाका मारत सुटते. आज माझ्यापाशी जी भीती आहे ती त्या सकाळची आहे, मायच्या मिटलेल्या ओठांची, आणि ती जायला कुठल्या जागेची वाळू लागते हे मला माहीत नाही. माय माझ्या तोंडाकडे बघत होती.

"गेलं, माय," मी म्हटलं. "त्याच दिवशी गेलं."

ती समाधानानं हसली आणि बिया टाकायला उठली.